काळा रंग तेवढा चालतो?



परवा सकाळी बस्तीतून घरी आले, फोन बघितला तर पार्लरचा मेसेज. 'फेस्टिव्ह मेकओव्हर पॅकेज. ग्लोबल कलर, हेअर स्पा, कट आणि फेशियल एकत्र घेतल्यास खास सूट. यंदाचे शेड्स : कॉपर, चेरी, मोका.' तुमच्याही फोनवर असे मेसेज येतच असतील. उन्हाळ्यात 'कूल टोन', पावसाळ्यात 'केराटिन', नवरात्र-दिवाळीला 'वॉर्म शेड', आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईचं पॅकेज. आपल्या पंचांगात चातुर्मास, दशलक्षण पर्व, अष्टान्हिका. पार्लरच्या पंचांगात दर दोन महिन्यांनी नवा रंग.

आज याच विषयावर लिहायचं आहे. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं पोपटपंची होईल.

गेल्या वर्षी पर्वात माझी थोरली बहीण, अक्का, बस्तीत आली ती केसांना बर्गंडी रंग लावून. वाईनसारखा लालसर, उन्हात गेली की चमकणारा. अक्का अठ्ठावन्न वर्षांची. दाजींना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पूजेला बसलेल्या बायकांच्या माना एकेक करून वळल्या. कुणीतरी पदराआड हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कासाठी नव्हे हो, स्वतःसाठी! 'हिची बहीण' म्हणून माझ्याकडे बघत होत्या ना सगळ्या.

पूजा संपल्यावर मंडपाच्या कोपऱ्यात तिला गाठलं आणि म्हणाले, "अक्का, हे काय केलंस? दाजी जाऊन दोन वर्षं पण झाली नाहीत. लोक काय म्हणतील याचा तरी विचार करायचा."

अक्का काहीच बोलली नाही. चपला घातल्या आणि गेली. पर्वाचे उरलेले सात दिवस ती बस्तीत आली नाही. क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांना पाठवला तोच 'उत्तम क्षमा'चा फुलांचा फोटो तिलाही पाठवला. तिनं हात जोडलेलं चित्र परत पाठवलं. झालं, क्षमा मागून झाली, असं मी मनाला सांगितलं.

तो दिवस पर्वाचा तिसरा होता, उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे मनाचा सरळपणा : आत एक, बाहेर एक असं नसणं. पंडितजींनी त्या सकाळी तासभर तेच समजावलं होतं. आणि ते ऐकून बाहेर आलेली मी बारा वर्षं दर महिन्याला केसांना काळी मेंदी लावत होते.

ही काळी मेंदी आपल्या घराघरांत आहे. किराण्याच्या दुकानात दहा-वीस रुपयांत पुडी मिळते. आपण तिला 'कलर' म्हणतच नाही. 'मी कलर-बिलर काही करत नाही बाई, फक्त मेंदी लावते,' असं मी कित्येकदा अभिमानानं सांगितलं आहे. खरी मेंदी म्हणजे झाडाचा पाला. राजस्थानातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, 2021 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या पाल्याचा रंग नारिंगी-तांबडा. पांढऱ्या केसावर तो नारिंगीच दिसणार. नुसत्या मेंदीनं केस कधीही काळा होत नाही. पाल्यात नसलेला तो काळेपणा पुडीत कुठून येतो, हा प्रश्न मला बारा वर्षांत एकदाही पडला नाही.

उत्तर मिळालं ते माघात, पुतण्याच्या लग्नाच्या चार दिवस आधी. नेहमीसारखी मेंदी लावली, धुतली. रात्री डोकं खाजायला लागलं. सकाळी कपाळ सुजलेलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे मिटले इतकी सूज, कानामागून पाणी येऊ लागलं. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, डाय काय लावता?"

"डाय नाही, मेंदी लावते."

"काळी का?"

मी गप्प.

त्यांनी समजावलं ते इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यातल्या फार जणींना ठाऊक नसतं. काळ्या मेंदीच्या बहुतेक पुड्यांत आणि पक्क्या रंगाच्या बऱ्याच डब्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. पूर्ण नाव पॅरा-फेनिलीनडायअमिन. केस गडद होतो तो यामुळे. पण काहींच्या शरीराला ते सोसत नाही. आणि हे पहिल्याच वेळी कळेल असं नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि एके दिवशी शरीर बंड करून उठतं. एकदा ही ॲलर्जी झाली की ती साधारण जन्मभर राहते. युरोपात या रसायनाचं केसांवर लावतानाचं प्रमाण 2 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 48 तास थांबा. बारा वर्षांत मी ती ओळ एकदाही वाचली नव्हती. भाजी निवडताना अळी सापडेल म्हणून पान न् पान उलटणारे आपण. डोक्याला लावायच्या पुडीची मागची बाजू उलटत नाही.

मी आजारी पडल्याचं कळल्यावर अक्का आली. बोलावलं नव्हतं, तरी आली. दोन दिवस राहिली. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, सूर्यास्ताआधी मऊ भात करून भरवला. दुसऱ्या दुपारी तिनं चष्मा लावून ती रिकामी पुडी वाचायला घेतली. अडखळत एकेक नाव वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे तूही रंगच लावत होतीस की गं. माझा दिसतो. तुझा दिसू नये म्हणून लावलेला, एवढंच."

रागानं नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं.

मग मी विचारलं, जे पर्वात विचारायला हवं होतं. "तू का लावलास गं?"

दाजी तीन वर्षं आजारी होते. शेवटचे आठ महिने तर दवाखाना हेच तिचं घर झालं होतं. त्या आठ महिन्यांत तिचे केस पांढरे झाले. ती म्हणाली, "ते गेल्यावर मी आरशात बघायची ना, तर मला मी दिसायची नाही. दवाखाना दिसायचा. एक दिवस वाटलं, पुरे आता. पार्लरच्या मुलीनं चार रंग दाखवले. लाल बरा वाटला. आईची एक लाल इरकल होती, आठवते?"

मला आठवत होती.

आता माझं म्हणणं सांगते.

रंग लावावा की लावू नये, हा माझ्या मते आपला खरा प्रश्नच नाही. आपला प्रश्न हा आहे की बाईच्या केसांबद्दलचा निर्णय ती सोडून बाकी सगळे घेतात. एकीकडे पार्लर सांगतं, पांढरा केस म्हणजे लाज, झाका. दुसरीकडे आपण बायकाच एकमेकींना सांगतो, झाका, पण काळ्यानंच झाका, दिसेल असा रंग नको, आणि कुंकू पुसलेलीनं तर नकोच. पुराणातल्या कथांत राजाला एक पांढरा केस दिसला की वैराग्य येतं. आपल्याला पांढरा केस दिसला की पार्लरची अपॉइंटमेंट आठवते, आणि दुसरीचा लाल केस दिसला की धर्म आठवतो!

मागच्या चातुर्मासात आपल्यापैकी कित्येक जणी आर्यिका माताजींचा केशलोच बघायला गेल्या होत्या. मीही होते. राखेत बोटं बुडवून, मुठी-मुठीनं केस उपटताना चेहऱ्यावर रेघ नाही. माझे डोळे भरून आले. दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी हा विधी, त्या दिवशी उपवास. यामागची कारणं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत : केसांत जीव होऊ नयेत, त्यांची हिंसा घडू नये, वस्तऱ्यासाठी कुणापुढे हात पसरायला लागू नये, आणि देहाची ओढ सुटावी. पण त्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आता आली. तो स्वतःच्या हातानं, स्वतःच्या निश्चयानं घेतलेला निर्णय असतो.

याच महाराष्ट्रात केस काढण्याचा दुसराही एक प्रकार होता. ब्राह्मण आणि इतर काही समाजांत नवरा वारला की बाईचं केशवपन करत. तिला विचारायची पद्धत नव्हती. 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. विचार करा, केस जाणं दोन्हीकडे सारखंच. एकीपुढे आपण डोकं टेकतो आणि दुसरीच्या आठवणीनं अंगावर काटा येतो. फरक केसांत नाही, कुणाच्या मर्जीनं गेले यात आहे.

मग अक्काला मी मंडपाच्या कोपऱ्यात जे बोलले, ते काय होतं? हातात वस्तरा नव्हता, जीभ होती.

काही थोरल्या बायका म्हणतील, श्राविकेनं शृंगार कमी करत जावा, वय झाल्यावर तरी. बरोबर आहे. ज्यांनी व्रत घेतलं, प्रतिमा घेतल्या, त्या शृंगार सोडतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण संयम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. मी अक्काला संयम देऊ शकत नाही, फक्त अपमान देऊ शकते. आणि तोच मी दिला.

उलट आमच्या सुना-लेकी म्हणतात, 'माझे केस, माझी मर्जी.' तेही बरोबर. पण बाळांनो, मर्जी खरंच तुमची आहे ना, हे एकदा तपासा. हे 'फॉल शेड्स' जिथून येतात तिथे त्या दिवसांत झाडांची पानं तांबडी-पिवळी होतात. आपल्याकडे सांगलीत तेव्हा ऑक्टोबरचं ऊन तापलेलं असतं. हिरव्यागार उसाच्या देशात आपण पानगळीचे रंग कशाला विकत घ्यायचे? ते राखाडी 'ॲश' रंगही आपल्या काळ्याभोर केसांवर सरळ चढत नाहीत. आधी ब्लीच करून मूळ रंग काढावा लागतो, त्यात केस रुक्ष होतो. मग रुक्षपणासाठी स्पा, स्पानंतर केराटिन. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दीड महिन्यात भांगात मुळं दिसायला लागतात आणि पुन्हा 'रूट टच-अप'. एका मेकओव्हरचं बिल दिसतं, त्याच्या मागून येणारी रांग दिसत नाही. अपरिग्रहावर आपण स्वाध्याय करतो, तेव्हा कपाटातल्या साड्या मोजतो. पार्लरचा हिशेबही मोजायला हरकत नाही.

आणि ज्या गोष्टीवर आपण जैन म्हणून सगळ्यात आधी विचारायला हवं, त्याबद्दल आपण सगळ्यात कमी विचारतो. बटाटा खात नाही, मध खात नाही. मग पॅकेजमधला 'एग-हनी स्पा' काय आहे? अंडं आणि मध डोक्याला चालतं का? केराटिन हे प्रथिन बऱ्याचदा लोकर, पिसं, शिंगं यांपासून काढतात. 'सिल्क प्रोटीन' रेशमाच्या किड्यापासून येतं, आणि रेशमासाठी कोष उकळतात हे आपल्याला माहीत आहे. केस सेट करायचे काही गोल ब्रश डुकराच्या केसांचे असतात. एक बरी गोष्ट म्हणजे, सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात 2014 पासून बंदी आहे. पण आत काय घातलंय ते आपणच विचारायचं. एवढा प्रश्न विचारला म्हणून कुणी पार्लरमधून हाकलून देत नाही. मी विचारून पाहिलंय.

हिंसा फक्त डबीत नसते. आमच्या पार्लरमधली मुलगी जवळच्या खेड्यातून येते, वय वीस-एकवीस. एकदा तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांना चिरा, नखांभोवती कातडी सोललेली. 'दिवसभर कलर, शॅम्पू, पाणी. होतं मावशी,' म्हणाली. आपण महिन्यातून एकदा अर्धा तास तो वास घेतो, ती दिवसाचे दहा तास घेते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आहे. तिनं घरी केस रंगवणाऱ्यांबद्दल ठोस निष्कर्ष काढण्याएवढा पुरावा नाही असं म्हटलं आहे, पण केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना रोज मिळणारा संसर्ग मात्र 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. केस सरळ करायच्या काही उपचारांत गरम इस्त्री फिरवली की फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, आणि ते तर कर्करोगकारक म्हणून पक्कं नोंदलेलं आहे. खिडकी उघड म्हणायला आणि 'बाळ, हातमोजे घाल, माझी घाई नाही' असं म्हणायला आपल्याला काय खर्च येतो?

म्हणून मी माझ्यापुरते आणि घरातल्या लेकी-सुनांपुरते काही नियम केले आहेत. पटले तर घ्या.

रंग लावायचाच असेल तर डबी मागवून स्वतः वाचायची. 'अमोनिया-फ्री' लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं नसतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दरवेळी, अगदी जुन्या सवयीच्या रंगालाही, 48 तास आधी थोडं लावून पाहायचं. लग्नाच्या चार दिवस आधी डोक्यावर प्रयोग करायचा नाही, निदान महिनाभर आधी करायचा. भुवयांना आणि पापण्यांना डाय कधीही लावायचा नाही. मेंदी लावायची तर नुसती पाल्याची, गाळलेल्या पाण्यात भिजवलेली. गडद हवी तर वेगळी नीळ मिळते, नीळ म्हणजे त्या झाडाच्या पानांची पूड, कपड्यांची नव्हे. तीही आधी हातावर लावून पाहायची. आणि अंडं, मध, केराटिन यांबद्दल खुर्चीत बसायच्या आधी विचारायचं, टॉवेल गुंडाळल्यावर नाही.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. दुसरीच्या केसांवर बोलायचं नाही. पांढरे ठेवले तरी नाही, लाल केले तरी नाही.

हा नियम का हवा, ते आता मला रोज कळतं. मला कुठलाच पक्का रंग चालत नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा, खाली जुना काळा, डोकं अगदी खारीसारखं झालंय. लग्नात चार जणींनी विचारलं, 'बरं नाही का गं?' एकीनं तर 'अशी का राहतेस, घरात काही झालंय का?' म्हणून बाजूला घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याही मनात वाईट नव्हतं, अक्काला बोलताना. म्हणून काय तिला कमी लागलं असेल?

परवाच्या त्या मेसेजनंतर मी अक्काकडे गेले. फोन केला नाही, फोटो पाठवला नाही. समोर बसून म्हणाले, "अक्का, त्या दिवशी बस्तीत मी बोलले ते चुकलं. तुझ्यासाठी नव्हते बोलले, माझी मान खाली जाईल म्हणून बोलले."

ती तांदूळ निवडत होती. थोडा वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "सात दिवस गेले गं माझे. पर्वाचे सात दिवस."

"हो," म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते दिवस मला परत देता येणार नाहीत.

तिनं ताटातले निम्मे तांदूळ माझ्यापुढे सरकवले. दोघींनी मिळून निवडले. निघताना ती म्हणाली, "या भाद्रपदात सकाळी मला घ्यायला ये. एकत्र जाऊ."

जाणार आहोत. ती बर्गंडी, मी खार. बायका बघतील, बघू देत. तुम्ही त्या मंडपात असाल आणि मान वळली, तर एवढंच करा : जवळ सरका आणि बसायला जागा द्या.

उत्तम क्षमा.